निरोप्याचं पाणी

आगाशीच्या बाजारात वसुकाकी उतरली की भाजीवाल्या बायका आधी किडकी वांगी गोणपाटाखाली सरकवायच्या. काकीचे डोळे बहात्तर वर्षांचे, पण शेंगेतली अळी तिला शेंग न सोलता दिसायची, आणि तिला दिसली की साऱ्या बाजाराला ऐकू जायची.

त्या दिवशी पौषातला गारवा होता. पूर्वपट्टीतून वालाच्या शेंगा घेऊन आलेली एक बाई तागडीत शेंगा टाकता टाकता सहज म्हणाली, "काकी, तुमचं माहेर आंबेखोऱ्याचं ना? तुमच्या बहिणीचं अर्धं अंग गेलं म्हनतात. दिवाळीपासनं खाटेवर हाये. वाचा पन गेली."

काकीने हातातली शेंग मोडली. "शेंगा कशा लावल्यास ते सांग," म्हणाली. "दुनियेच्या खाटा मोजायला नाही आले मी."

घरी आल्यावर तिची सून संपदा शेंगा सोलायला बसली आणि थांबलीच. निम्म्या शेंगा किडक्या. संपदाचं लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली होती. सासूने किडकी शेंग उंबऱ्याच्या आत आणलेली तिने आजवर पाहिली नव्हती. तिने काही विचारलं नाही. त्या घरात सासूला विचारायची पद्धत नव्हती, सासू सांगेल तेवढं ऐकायची होती.

रात्री जेवताना नात उन्नती म्हणाली, "बाबा, रविवारी आमचा ऑफिसचा ग्रुप रॅपलिंगला चाललाय. इथेच, शिरसाड फाट्यावरून आत. आंबेखोरे म्हणून गाव आहे, जुना किल्ला आहे वरती."

श्रीरंगने आईकडे बघितलं नाही. ताटातल्या भाताकडे बघितलं. पण बोलली ती आईच.

"मी येणार."

"आजी, तिकडे कडा आहे. दोरीने उतरायचं असतं."

"मग उतर की. मला कुठे लटकवायला सांगतेय? तरणी पोर दोरीला लोंबकळणार, आणि खाली एक वडीलधारं माणूस नको?"

"आई," श्रीरंग हळूच म्हणाला, "तू तर त्या गावाचं नावसुद्धा..."

"नाव मी घेतलं नाही, तुझ्या पोरीनं घेतलं. संपदा, भात वाढ गं. बघत काय बसलीस, मी काही सासरी नाही चालले."

एकतीस वर्षं झाली होती. आंबेखोऱ्यातल्या त्या घरात दोन बहिणी वाढल्या. भाऊ नव्हता. थोरली चांगुणा आगाशीला वाडीवाल्यांच्या घरात दिली. सासरा शाळामास्तर होता, त्याला चांगुणा हे नाव गावंढळ वाटलं, त्याने मांडवातच तिची वसुंधरा केली. धाकटी मीरा घरीच राहिली, तिचा नवरा घरजावई होऊन आला. आईचं म्हातारपण मीराने काढलं आणि आईचं कौतुक चांगुणाने केलं, जसं लांबच्या लेकीला करता येतं तसं.

आंबेखोऱ्यात एक रीत होती. मरणाचा किंवा शेवटच्या घटकेचा निरोप घेऊन गेलेला माणूस त्या घरचा उंबरा ओलांडत नाही आणि त्या घरचं पाणी घेत नाही. बाहेर उभा राहतो, "बरं नाही, येऊन जा" एवढंच म्हणतो आणि पाठ फिरवतो. वाईट शब्द तोंडाने काढायचा नसतो. तो पाणी नाकारतो, त्यावरून ऐकणाऱ्याने ओळखायचं, आणि ताटावर असेल तर ताटावरून उठायचं.

एकतीस वर्षांपूर्वीच्या वैशाखात दुपारी शत्रुघ्न आला होता. गावातला, भावकीतला, एकोणीस वर्षांचा. खिंड उतरून, दोन एसट्या बदलून आलेला. "आजीला बरं नाय, येऊन जा, मीराआत्यानं सांगितलंय," म्हणाला. आणि तो पाणी प्यायला. काकीला हे कालच्यासारखं आठवत होतं. गूळ खाऊन पेलाभर पाणी प्यायला, वर चहाही घेतला. म्हणजे एवढं काही नाही, असं काकीने धरलं. वाडीत मोगऱ्याचा बहर होता, पहाटेचा तोडा चुकला तर कळ्या फुलून मातीमोल होतात. तोडा उरकून निघू, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती खोऱ्यात पोचली तेव्हा आई पहाटेच गेलेली होती. आई थोरलीची वाट बघत होती, दाराकडे तोंड करून.

तिथे भरल्या अंगणात, तिरडी बांधत होते त्यांच्यासमोर, काकीने मीराला धरलं. "साधा निरोप धाडतेस? निरोप्या पाणी पिऊन जातो माझ्या घरी! शेवटचं पाणी एकटीनं पाजायचं होतं ना तुला? पाजलंस! आजपासून या घरचं पाणी मला वर्ज्य. चुकलं म्हणत माझ्या दारी येशील तेव्हाच ते सुटेल."

मीरा काही बोलली नाही. दारी आलीही नाही. काकीने त्या गप्प बसण्याचा अर्थ लावून टाकला, आणि एकदा लावलेला अर्थ काकी कधी बदलत नसे. पुढे मीराचा नवरा गेला, तिच्या मुलाचं लग्न झालं, पत्रिका आल्या, काकी गेली नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभ अजून जळायचा होता.

रविवारी सकाळी विरारहून उन्नतीच्या मित्रांची गाडी निघाली. दहा-बारा तरणी पोरं, आणि पुढच्या सीटवर नऊवारीत वसुकाकी. मांडीवर पिशवी. पिशवीत दोन गोष्टी: केळीच्या वाळल्या पानात बांधलेला सुकेळ्यांचा पुडा, आणि फिरकीचा पितळी तांब्या, घरच्या पाण्याने भरलेला.

"आजी, बाटली मिळते ना सगळीकडे," उन्नती म्हणाली.

"मिळत असेल. मला माझं पाणी लागतं."

शिरसाड फाटा मागे पडला, वज्रेश्वरीच्या रस्त्यावरून गाडी उजवीकडे वळली आणि डोंगर तिन्ही बाजूंनी पुढे आले. काकीने डोळे मिटून घेतले. वळणं तिला मोजता येत होती. सातव्या वळणाला चिंच. डोळे उघडले तर चिंच नव्हती, तिथे रंगीत फलक होता, दोरीला लटकणाऱ्या माणसाच्या चित्राचा. ज्या माळावर गुरं बसायची तिथे निळे-नारिंगी तंबू होते, आणि या टेकाडावरून त्या टेकाडावर ताणलेल्या तारेवरून एक बाई किंचाळत चालली होती.

"हिला कुणी ढकललं?" काकीने विचारलं.

"आजी, ती मजा करतेय."

"हो? माझ्या काळी असं ओरडलं की देवऋषी बोलवायचे."

पोरं हसली. कॅम्पवरचा वाटाड्या त्यांना आधी गाव दाखवायला घेऊन गेला. खोऱ्यातलं गाव जुनं. वर गड, गडाच्या पोटात कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं, आणि वेशीवर एका ओळीत उभे केलेले वीरगळ, शेंदूर झिजलेले. मुलांना जवळ बोलावून वाटाड्या म्हणाला, "हे बघा, ही इथली राणी. आणि या तिच्या दासी."

"राणी नाही ती," मागून आवाज आला. "खाली पडलाय तो लढताना मेलेला माणूस. मधल्या चौकटीत त्याला अप्सरा वर नेतायत. आणि वरती तो पिंडीपुढे बसलाय. कुणी शिकवलं रे तुला? याच्या डोक्यावर बसून मी बोरं खाल्ली आहेत."

"आजी, तुम्ही इथल्या?"

एकतीस वर्षांत या प्रश्नाला तिने उत्तर दिलं नव्हतं. "दगड ओळखीचा आहे," एवढंच म्हणाली.

पोरं कड्याकडे गेली. काकीने "मी इथे सावलीला बसते" म्हणून सांगितलं, आणि ती दिसेनाशी झाल्याबरोबर उठली. पायांना वाट सांगावी लागली नाही.

घर तेच होतं, निम्मं. पुढच्या पडवीवर स्लॅब आला होता आणि 'घरगुती जेवण मिळेल' अशी पाटी. चुलीपाशी एक बाई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती, कॅम्पच्या पोरांसाठी. तिने वर बघितलं आणि पिठाचे हात तसेच ठेवून उठली. ती विनी, मीराची सून. लग्नाला न आलेल्या मावशीला तिने कधी पाहिलेलं नव्हतं. पण नाक तेच होतं, घरातल्या खाटेवरचं.

"मावशी?"

"आत आहे का?"

"आत हायत. या ना. पाय धुवा, पानी देते."

"पाय स्वच्छ आहेत माझे."

मीरा खिडकीखालच्या खाटेवर होती. काकी दारात थांबली. तिच्या डोक्यात भांडायची मीरा होती, चाळिशीला टेकलेली, अंबाड्यात अबोली घालणारी. खाटेवर एक मूठभर म्हातारी होती. उजवं अंग गोधडीत नुसतं ठेवल्यासारखं, तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे मात्र होते. ते काकीवर आले आणि हललेच नाहीत.

"काय गं," काकी म्हणाली. "ओळखतेस का, की तेही गेलं?"

मीराच्या घशातून एक आवाज निघाला. त्याला शब्द नव्हता. पण त्याची ठेवण काकीला कळली. जगात आता एकच माणूस तिला चांगे म्हणत होतं, आणि त्या माणसाला ते म्हणता येत नव्हतं.

मीराचा डावा हात गोधडीतून बाहेर आला आणि कोपऱ्यातल्या माठाकडे गेला.

"पानी द्या म्हनतात," विनी म्हणाली. "कोनीबी आलं की पहिलं तेच. शहरातली पोरं आली तरी तेच." तिने पेला भरून पुढे केला.

"आणलंय मी माझं," काकी म्हणाली आणि पिशवीतून तांब्या काढला.

तो तांब्या आईने तिच्या लग्नात दिलेला, याच घरातला. मीराने तांब्याकडे बघितलं. मग हात हळूहळू गोधडीवर उतरला.

विनी पेला धरून तशीच उभी राहिली. काकी खाटेच्या कडेवर टेकली, सुकेळ्यांचा पुडा मीराच्या उशाशी ठेवला. "राजेळी केळ्यांची आहेत. मीच वाळवलीत. तुला चावायची नाहीत आता, नुसता वास घे." भाकरी करपल्याचा वास आला तशी विनी पेला फळीवर ठेवून बाहेर पळाली.

दोघीच राहिल्या तेव्हा काकी खाली वाकली.

"हे बघ मीरे. मी पुन्हा पुन्हा यायची नाही. तू दारी आली नाहीस, मीच आले. आता यापुढे मला वाकवू नकोस. बोलता येत नाही ना? मान हलव. चुकलं म्हणून एकदा मान हलव, मी इथल्या इथे तुझ्या घरचं पाणी पिते."

मीराने तिच्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं. मग उशीवरच तिची मान खाली गेली, वर आली. पुन्हा खाली गेली. दोनदा. डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळलं.

काकीने फळीवरचा पेला उचलला आणि उभ्याउभ्या रिकामा केला. पाणी टाक्याचं होतं, थंड, दगडाच्या चवीचं. ते घशाखाली उतरताना तिला काय काय झालं ते तिने चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. तोंड पुसून म्हणाली, "वास येतो गं पाण्याला. माठ घासत नाही वाटतं तुझी सून."

मीराचं निम्मं तोंड हसलं. तेवढंच हसता येत होतं.

काकी कड्याकडे निघाली तेव्हा तिचे पाय हलके होते. एकतीस वर्षं जो शब्द हवा होता तो मिळाला होता. मानेने का होईना. आपण बरोबर होतो.

कड्याखाली पोरं जमली होती. वर, चाळीस-पन्नास हात उंचीवर, उन्नती पाठ दरीकडे करून लटकत होती, पाय कड्याला लावायला धजत नव्हती. खाली एक पन्नाशीचा दणकट माणूस दोरीचं टोक कमरेपाशी धरून उभा होता. वर न बघता, नुसत्या हाताने दोरी ओळखत.

"ताई, दोरीवर बसा! खुर्चीवर बसता तशा! मी धरलंय तुम्हाला, सोडायचा नाय!"

"सोडलंस तर तुला मी सोडणार नाही," काकी मागून म्हणाली.

माणसाने मान वळवली नाही, दोरी सोडली नाही, पण त्याचा चेहरा बदलला. "आत्या?" म्हणाला. "चांगुआत्या?"

"शत्रुघ्न का तू? आधी माझ्या नातीला खाली घे."

उन्नती खाली आली, आजीच्या गळ्यात पडली, फोटो काढायला पळाली. शत्रुघ्नने दोरी दुसऱ्या माणसाच्या हाती दिली आणि येऊन काकीच्या पाया पडला. टाक्याच्या पायऱ्यांवर दोघं बसली. तो कॅम्पवर दोऱ्या सांभाळतो, बारा वर्षं झाली, आजवर कुणाला खरचटूही दिलेलं नाही, असं त्याने सांगितलं. काकीने ऐकलं.

"मीराकडे जाऊन आले," ती म्हणाली. "पाणी प्याले. तिनं कबूल केलं शेवटी."

"काय कबूल केलं?"

"काय म्हणजे? निरोप नीट धाडला नाही म्हणून. तूच आला होतास की. पाणी पिऊन गेलास माझ्या घरी. जिची आई शेवटच्या घटकेला आहे तिच्या घरी माणूस गूळपाणी खाईल का? मीरानं तुला बजावलं असतं तर खाल्लं असतंस?"

शत्रुघ्न हातातला मोजा काढत होता, तो निम्मा काढलेला तसाच राहिला.

"आत्या, तिनं बजावलं होतं."

"काय?"

"खिंडीपर्यंत पोचवायला आली होती मला. म्हनाली, पानी घेऊ नकोस, उंबऱ्यात जाऊ नकोस, तिला लगेच कळंल. मी नाय म्हनालो तुम्हाला. तीनदा नाय म्हनालो. फाटकातच उभा होतो." तो खाली बघून बोलत होता. "तुम्ही ओरडलात. म्हनालात, वाडीवाल्यांच्या दारातनं मानूस उन्हाचा कोरडा गेला तर आगाशी माझ्या तोंडात शेन घालील. हाताला धरून आत ओढलंत. पेला तोंडाला लावलात. मी एकोनीस वर्षांचा, आत्या. तुमची भीती वाटायची सगळ्यांनाच. आनि तहान पन लागली होती, खोटं कशाला बोलू."

कड्यावर कुणीतरी आनंदाने आरोळी ठोकली आणि ती तिन्ही डोंगरांवरून फिरून आली.

काकीला फाटक दिसलं. फाटकाच्या फळीला घट्ट धरलेला त्या पोराचा हात दिसला. तो हात तिने ओढून सोडवला होता. एकतीस वर्षं तिने फक्त पेला बघितला होता, तो तोंडाला लावणारा हात कधी बघितला नव्हता. आणि पेल्याचा तो हात तिचाच होता.

"मीराला सांगितलंस हे?" तिने विचारलं.

"दहाव्यालाच. रडत सांगितलं. म्हटलं, मी आगाशीला जाऊन आत्याचे पाय धरतो. तर मीराआत्या म्हनाली, खबरदार. म्हनाली, आईचं तोंड चुकलं ते तिला आयुष्यभर पुरंल. आपल्याच हातानं चुकलं हे कळलं तर ती अंथरून धरील. माझ्यावर रागावू दे तिला. रागानं मानूस उभं तरी राहतं."

काकी उठली. पायरी नीट दिसत नव्हती. शत्रुघ्नने हात पुढे केला तो तिने घेतला नाही, दगडाला धरून उतरली. ती दोनदा हललेली मान आता तिच्या डोळ्यांपुढून जाईना. अंगात हलवायला एक हात आणि एक मान उरली होती, आणि त्या मानेने मीराने पुन्हा एकदा दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेतली होती. कशासाठी, तर एक पेला पाण्यासाठी.

घरात मीरा झोपली होती. सुकेळ्यांचा पुडा डाव्या हाताखाली.

"आत्ताच डोळा लागला," विनी कुजबुजली. "रातभर झोप नसते त्यांना. तुम्ही गेल्यावर लई दिवसांनी अशा गाढ झोपल्या. उठवू का?"

"नको."

काकी खाटेशी बसली. शब्द तोंडात होता. साधा शब्द, चार वर्षांचं पोरसुद्धा बोलतं. तिने बहात्तर वर्षांत तो कुणाला म्हटला नव्हता, नवऱ्याला नाही, सासूला नाही, देवालासुद्धा नवस फेडताना नाही. झोपलेल्या माणसाला सांगितलं तर ते सांगितलं असं होत नाही, असं तिने मनाशी म्हटलं. आणि मी अंगणभर माणसांच्या देखत तिला बोलले होते, तर चुकलंही माणसांच्या देखतच म्हणायला हवं. हे सगळं खरं होतं. पण त्याखाली आणखी एक खरं होतं, ते म्हणजे मीरा झोपलेली बघून तिला हायसं वाटलं होतं.

वेशीवर गाडीचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.

काकीने तांब्यातलं आगाशीचं पाणी तुळशीत ओतलं आणि तांब्या विनीच्या हातात दिला. "माठातलं भर. पुढच्या रविवारी येते म्हणून सांग तिला. घरची सगळी घेऊन येते. मला बोलायचंय, तुमच्या सगळ्यांच्या देखत. विसरू नकोस सांगायला. आणि माठ घास गं बाई."

घरी आल्यावर काकी बदलली असं कुणाला दिसलं नाही. दूधवाल्याला तिने नेहमीसारखंच फाडून खाल्लं. पण श्रीरंगला रविवारची गाडी सांगायला लावली, सगळ्यांनी यायचं, कुणाची सबब चालणार नाही. माठातलं ते पाणी ती रोज जेवल्यावर घोटभर प्यायची आणि तांब्याची फिरकी घट्ट लावून ठेवायची.

मंगळवारी संपदा मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. वाडीत मोगऱ्याच्या ओळीपलीकडे सासूचा आवाज आला. सासू गड्यावर ओरडत असेल म्हणून तिने कान दिला. तिथे गडी नव्हता. काकी एकटीच उभी होती, आणि हळू आवाजात, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या तऱ्हेने काहीतरी म्हणून बघत होती. "मीरे, माझं..." मग थांबायची. घसा साफ करायची. "मीरे, ऐक. त्या दिवशी..." आणि मग रागावून एखादी वाळकी फांदी तोडायची.

संपदा कपडे तसेच टाकून घरात गेली.

गुरुवारी दुपारी काकी ओटीवर बसून केळ्यांचे पुडे बांधत होती. राजेळी संपली होती तर शेजाऱ्यांकडून आणवली होती. बारा पुडे, आंबेखोऱ्यात घरटी एक. फाटकाशी मोटरसायकल थांबली.

शत्रुघ्न होता. गाडीवरून उतरला, फाटकापर्यंत आला आणि तिथेच उभा राहिला. एका हाताने त्याने फाटकाची फळी धरली होती.

फोन होता त्याच्याकडे. विनीकडे होता, श्रीरंगकडे होता. तरी तो तीस किलोमीटर आला होता.

"आत्या," तो म्हणाला. "मीराआत्याला बरं नाय. येऊन जा."

संपदाला त्याची ओळख नव्हती. पण दारात आलेल्या माणसाला आधी पाणी, हे तिला या घरात आल्या दिवशी शिकवलं गेलं होतं, आणि कुणी शिकवलं होतं हेही ती विसरली नव्हती. ती लगबगीने आत गेली, पेला भरून आणला. "या ना, आत या, उन्हाचे आलात..."

"संपदा," काकी म्हणाली. "त्याला पाणी देऊ नकोस."

असं वाक्य त्या घराने कधी ऐकलं नव्हतं. संपदा पायरीवर थांबली.

काकी उठली. मांडीवरची वाळकी पानं खाली पडली, ती तिने उचलली नाहीत. पुडे तसेच राहिले, पदराला लागलेला चीक तसाच राहिला. चपला घालायला पाय सापडेनात, तर तशीच अनवाणी फाटकापर्यंत गेली. शत्रुघ्नच्या समोर उभी राहिली. त्याचे केस कपाळापाशी पिकलेले होते आणि ओठ सुकलेले होते.

"आहे, की गेली?"

तो बोलला नाही. रीतच नव्हती. खाली बघत राहिला.

काकीने फळीवरच्या त्याच्या हातावर आपला हात ठेवला. ओढला नाही, नुसता ठेवला.

"त्या दिवशी तुला पाजायला नको होतं रे," ती म्हणाली. "चुकलं माझं."

इतका सहज आला तो शब्द की तिला स्वतःलाच कळलं नाही. मग कळलं. ती मागे वळून न बघता मोटरसायकलवर बसली, दोन्ही पाय एका बाजूला, हाताने मागची दांडी धरून. शत्रुघ्नने गाडी वळवली.

धूळ खाली बसेपर्यंत संपदा पायरीवर उभी होती. हातातल्या पेल्याचं काय करावं ते तिला सुचेना. मग तिने ते पाणी मोगऱ्याच्या मुळाशी ओतलं आणि श्रीरंगला फोन लावायला आत गेली.